आजीच्या फोनला कुलूप कोण लावणार?

गेल्या वर्षी मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, टाकलं तेव्हा गड जिंकल्यासारखं वाटलं होतं. दिवसाला १ तास, रात्री ९ ला फोन बंद, नवीन ॲप हवं तर आधी माझी परवानगी. लेक ११ वर्षांचा. आठवडाभर कुरकुरला आणि मग एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. खरं तर तिथेच माझ्या डोक्यात घंटी वाजायला हवी होती.

मागच्या महिन्यात रात्री पाणी प्यायला उठले, तर सासूबाईंच्या खोलीत पांघरुणाखाली निळा उजेड. सासूबाई घोरतायत आणि नातू त्यांच्या फोनवर शॉर्ट्स बघतोय. त्यांचा पिन १२३४. तोही यानेच ठेवून दिलेला, "आजी, तुला लक्षात राहील" म्हणून! रोज संध्याकाळी त्यांना हरिपाठ लावून देण्याचं कामही याचंच. "पोर किती मायेने करतो गं," हे कौतुक मी वर्षभर ऐकत होते.

ॲपला दोष देऊन काय करू? त्याचं कुलूप पोराच्या खात्याला, घर सताड उघडं. हॉलमधला टीव्ही आहे, बाबांचा जुना टॅब आहे, खालच्या मजल्यावरचा मित्र आहे. वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, म्हणजे ते बंद करायची सोय नाही. आणि पोरांच्या ग्रुपवर काय फिरतं ते फॅमिली लिंकला दिसतच नाही.

कायद्याचंही तेच. १८ खालच्या मुलांचा डेटा वापरायला पालकांची संमती हवी, असं आपला २०२३ चा डेटा कायदा म्हणतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना बहुतेक सोशल मीडियावर खातीच बंद केली. छान. आमच्या घरातलं खातं मात्र ७२ वर्षांच्या बाईंचं आहे!

मला पटलं ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं. २०२२ मध्ये तिथे नियम केला: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा. आमच्या सोसायटीत असा भोंगा लावला तर पहिली तक्रार माझीच जाईल, कारण नेमका तेव्हा माझा ऑफिसचा कॉल असतो.

सासूबाईंचा पिन मी बदललाय. तो त्यांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे ऐन कॉलमध्ये हरिपाठासाठी मला हाक येते. काल चिरंजीव दारात उभे राहून म्हणाले, "आई, तू बिझी आहेस ना? पिन सांग, मी लावून देतो."