जमिनीचा पैसा शोषखड्ड्यात?

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला एक आरोप कायम ऐकू येतो: ‘मोकळ्या जमिनी वाचवायला जमवलेला पैसा आता संडासाच्या टाक्यांवर उडवतात. मतदारांची फसवणूक आहे ही.’ हा पैसा म्हणजे तिथल्या पाच टाउनांनी (टाउन म्हणजे तिथली स्थानिक कारभाराची हद्द) १९९८ साली मतदान करून लावून घेतलेला कर. घर-जमीन विकत घेणारा २ टक्के भरतो.

फसवणूक कुणाची? नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा मतदान झालं. कराची मुदत २०३० वरून २०५० करायची का आणि जास्तीत जास्त २० टक्के निधी पाण्याची गुणवत्ता सुधारण्यासाठी वापरू द्यायचा का, असं सरळ विचारलं होतं. पाचही टाउनांनी ‘हो’ म्हटलं.

‘जमीन मोकळी ठेवली की पाणी आपोआप स्वच्छ राहतं.’ अर्धंच खरं. जे घर झालं नाही त्याचं सांडपाणी टळलं. उभ्या घरांचं काय? ही टाउनं ज्या सफोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतात तिथे साडेतीन लाखांवर घरांना गटारच नाही. जुन्या घराच्या अंगणात भोकं पाडलेली काँक्रीटची कडी पुरलेली असते, खाली नुसती वाळू. आपल्याकडचा शोषखड्डाच तो. पाणी झिरपतं, वास येत नाही, म्हणून सगळं आलबेल वाटतं. पण लघवीतल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि वाळू ते अडवत नाही. भूजलातून वर्षानुवर्षं सरकत ते खाडीत पोचतं, शैवाल माजतं आणि तळाच्या गवताला ऊन मिळेनासं होतं. स्कॅलप नावाच्या खाण्याच्या शिंपल्यांची पिल्लं त्याच गवताच्या पात्यांना धरून वाढतात. १९८५ साली इथल्याच पेकॉनिक उपसागरात तपकिरी शैवालाची लाट आली नि स्कॅलपचा धंदा बसला. (तिचं खापर एकट्या नत्रावर फोडता येत नाही, हेही सांगून टाकतो.) शेजारचं शेत विकत घेऊन हे झिरपणं थांबत नाही, खड्डाच बदलावा लागतो. नव्या यंत्रणेत जिवाणू बरंचसं नत्र वायू करून हवेत सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला १९ मिलिग्रॅम नत्र, ही काउंटीची मर्यादा.

‘सांडपाण्याची सोय झाली की बिल्डर घुसणार.’ नव्या बांधकामाला वाट करून देण्यासाठीची कामं या निधीतून करायला कायद्यानेच मनाई आहे.

‘श्रीमंतांच्या बंगल्यांना फुकट टाक्या.’ हा आक्षेप मात्र मला टोचतो. हॅम्प्टन या इथल्या श्रीमंतांच्या वस्तीतल्या कोट्यधीशाला अनुदान कशाला? उत्पन्न बघून द्या, माझी हरकत नाही. पण खालचं पाणी सगळ्यांचं एकच, आणि प्यायलाही तेच उपसतात. बंगल्याखालून सुटलेलं नत्र कुंपण बघून थांबत नाही.