पार्श्वसंगीत जरा थांबवा हो

अलीकडच्या हिंदी सिनेमांबद्दल माझी एकच मोठी तक्रार आहे. ती कथेबद्दल नाही, नटांबद्दल तर नाहीच. आवाजाबद्दल आहे. पडद्यावर माणूस नुसता दारातून आत आला तरी ढोल, शंख, कोरस, सगळं एकदम सुरू होतं. आता घाबरा, आता रडा, आता छाती फुगवा, हे सगळं संगीतानेच ठरवून टाकलेलं. बघणाऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाहीत.

'छावा' मला मनापासून आवडला, म्हणूनच त्यातला गोंगाट जास्त लागला. विकी कौशलने जीव ओतलाय. अक्षय खन्नाचा औरंगजेब खालच्या पट्टीत, थांबत थांबत बोलतो आणि तेवढ्यानेच धडकी भरते. शेवटी आमच्या रांगेतल्या बायाबापड्या रडत होत्या, मीही रडलो. पण संगमेश्वर! कसब्यात शास्त्री नदीच्या काठी उभं राहिलं की कळतं, भोवती डोंगर आणि झाडी कशी आहे ते. १६८९ च्या फेब्रुवारीत औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान संभाजी महाराजांना पकडायला कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून अचानक तिथे येऊन थडकला. त्या घटनेतली सगळी भीती त्या गुपचूप येण्यात आहे. लांबून टापा, पाचोळ्यात पाऊल, मध्येच गप्प झालेली पाखरं, एवढं जरी ऐकवलं असतं तरी आम्हा कोकणातल्या माणसांच्या काळजाचं पाणी झालं असतं. त्याऐवजी वाजतच राहतं. ए. आर. रहमानच्या गाण्यांवर आमची अख्खी पिढी वाढली, पण इथे काही ठिकाणी मला संवादसुद्धा धड ऐकू आले नाहीत.

आता 'ओपनहायमर' घ्या. १६ जुलै १९४५ ची ती अणुचाचणी. बटण दाबलं जातं, पडदाभर आगीचा लोळ उठतो आणि आवाज गायब. नुसते श्वास. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून येतो, एवढं साधं शास्त्र. पण दिग्दर्शक नोलनने ते अंतर कापून न टाकता आपल्याला त्यात बसवून ठेवलं. शेजारच्या पोराचा पॉपकॉर्नच्या पुड्यात गेलेला हात तसाच थांबला होता. मग तो धमाका आला तेव्हा अख्खी रांग दचकली. बाकीच्या तीन तासांत संगीत फारसं थांबत नाही, आणि तिथे मला नोलनचाही कंटाळा आला, हेही सांगतो.

त्या वर्षी 'ओपनहायमर'ला सात ऑस्कर मिळाले, पण ध्वनीचं ऑस्कर गेलं 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला. अगदी योग्य गेलं. आउश्वित्झच्या छळछावणीला लागून कमांडंटचं घर. बाग, फुलं, पोहण्याचा हौद, खेळणारी पोरं. भिंतीपलीकडचे अत्याचार कॅमेरा दाखवतच नाही. फक्त ऐकू येतात. गोळ्या, किंकाळ्या आणि एक सततची घरघर. हा सिनेमा कानाला हेडफोन लावून बघा. मला नंतर जेवण गेलं नाही.

मोठ्या आवाजाशी माझं वैर नाही. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागात पोरगा त्या अजस्र वाळूकिड्यावर स्वार होतो तेव्हा थिएटरच्या खुर्च्या थरथरल्या पाहिजेतच. तो आवाज त्या प्रसंगाने कमावलेला आहे. 'ॲनिमल'मध्ये मात्र तीन तासांहून जास्त वेळ नुसता मारा. डोकं दुखलं, मनात काही उरलं नाही.

आणि हे आपल्याला कुणी हॉलिवूडकडून शिकवायला नको. आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात पखवाजवाला बघा. त्याची नजर नटाच्या पायांवर असते. राजा ठेका धरेल तसा हात पडतो, युद्धात तर पखवाज आणि झांजेने देवळाचं आवार दणाणतं. पण तोच राजा शोक करायला लागला की पखवाज बंद. पायपेटी एक सूर धरून ठेवते, कधी तीही थांबते. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या बोलत असतो, आणि पहाटे तीन वाजता शेंगदाणे खाणारी माणसं खाणं विसरतात. वाजवायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा, हे ज्यांना कळतं ती माणसं आपल्या गावोगाव बसलेली आहेत. मुंबईतल्या निर्मात्यांनी एक जत्रा तरी करावी.

'मुंज्या' आमच्याच मातीतला, सुहास जोशींची आजी तर झकास. पण भुताच्या आधी दर वेळी संगीतच दचकवतं, मग भूत काय करणार? त्यापेक्षा 'तुंबाड' कितीतरी थोर. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यातला पाऊस पाऊसच वाटतो, ओला, संततधार, जीव नकोसा करणारा. आषाढात आमच्याकडे पागोळ्या असाच पिच्छा पुरवतात.

सगळ्यात शेवटी 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडियाच्या या सिनेमाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं. मल्याळम, हिंदी, मराठी, सगळं त्यात आहे. पहिला भाग मुंबईचा: लोकल, पाऊस, गर्दी. मग छाया कदमची पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी बाई, राहत्या घराचे कागद नाहीत म्हणून मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत येते. दोघी नर्स तिला पोचवायला येतात. आणि इथे सिनेमाचा श्वासच बदलतो. समुद्राची गाज, वारा, बायकांची हळू बोलणी. कुणी सनई वाजवून सांगत नाही की बघा, हे गाव. 'लापता लेडीज'मध्ये फलाटावर चहा विकणारी मंजूमाई जिने केली तीच ही छाया कदम, आणि इथे तिच्या गप्प बसण्यातही ठसका आहे. मुंबईतून घर मोडून परत आलेली अशी बाई आमच्या प्रत्येक वाडीत आहे, तिच्यावर सिनेमा कुणी केला होता?

हा सिनेमा आमच्याकडच्या थिएटरात काही आला नाही. मोबाईलवर बघितला, तोही शेजारी मिक्सर चालू असताना. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, कुठेही कुणी हॉल आणि बरे स्पीकर जमवून याचा रीतसर परवानगीने खेळ लावणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. वर्गणी देतो, आदल्या दिवशी खुर्च्या मांडायलाही येतो.