मलेशियन साल म्हणजे नेमकं कोणतं झाड?

"सागवान वाचवायचं तर दारं-खिडक्यांच्या चौकटींना मलेशियन साल वापरा" हा लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. मलेशियन साल नावाचं एक झाडच नाही हो! शोरिया या वृक्षवंशातल्या अनेक जातींच्या लाकडाला बाजाराने दिलेलं ते नाव आहे, आणि या वंशातल्या कित्येक जाती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत धोक्यात आहेत. घर बांधताना नागपूरच्या लकडगंजात मी चार दुकानं फिरलो. घनफुटाचा भाव, वाळवीची हमी, सगळं सांगितलं. लाकूड कोणत्या झाडाचं, हे एकालाही सांगता आलं नाही.

कान्ह्यातला आपला साल याच वंशातला, पण तो साधारण दरवर्षी फुलतो. बोर्निओ-मलेशियाच्या वर्षावनातले त्याचे भाऊबंद काही वर्षांच्या खंडाने, सगळे एकदमच बहरतात. त्यांचं बी मातीत टिकत नाही, थोड्याच दिवसांत रुजलं नाही तर मरतं. बहराआधीच मोठी झाडं लाकडासाठी तोडली तर नवी रोपं येणार कुठून? आम्ही शेवटी बल्लारशाच्या सरकारी डेपोतलं सागवान घेतलं. महाग पडलं, पण कुठल्या जंगलातलं याचा कागद तरी हाती आहे.