रिमोट सापडेपर्यंत वीस सेकंद संपलेले असतात

आठ वाजताच्या मालिकेच्या ब्रेकमध्ये डिओडरंटची जाहिरात लागते. लिफ्टचं दार बंद होतं, बाईचा हात त्याच्या कॉलरकडे जातो, कॅमेरा मानेवरून खाली सरकतो. उशीखालून रिमोट सापडेपर्यंत वीस सेकंद संपलेले असतात आणि पडद्यावर भांडी घासायचा साबण आलेला असतो. दुसऱ्या दिवशी फेसबुकवर पोस्ट पडते, 'घरच्यांसोबत टीव्ही बघायची सोय राहिली नाही.' खाली दोनशे लाइक. जाहिरात त्या रात्री पुन्हा तीनदा.

ती जाहिरात तुमची मालिका बघून कुणी मुद्दाम लावलेली नसते, हे आधी समजून घ्या. जाहिरात एजन्सी चॅनेलला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावण्याची लेखी ऑर्डर पाठवते, तिला सगळे 'आरओ' म्हणतात. अमुक कार्यक्रमातच स्पॉट, म्हणजे जाहिरातीची जागा हवी म्हटलं तर दर चढा. म्हणून बरेच जण टाइम बँड घेतात : सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत जागा मिळेल तिथे लावा, दर स्वस्त. मग चॅनेलचा शेड्यूलिंग विभाग मोकळ्या जागा भरत जातो. सॉफ्टवेअर काय तपासतं? दोन प्रतिस्पर्धी साबण एका ब्रेकमध्ये शेजारी आलेत का, एकच स्पॉट फार जवळजवळ पडतोय का. 'समोर आजी बसली आहे' असा रकाना त्यात नाही. थेट क्रिकेटमध्ये तर अजूनच गंमत. विकेट कधी पडेल हे कुणाला ठाऊक? रांगेत जो स्पॉट पुढे असेल तो जातो.

आता कायदा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. त्यातला पोटनियम ८ म्हणतो की अश्लील, असभ्य, सूचक, किळसवाणे किंवा आक्षेपार्ह विषय आणि तशी मांडणी जाहिरातींत टाळावी. 'सूचक' हा शब्द नियमातच आहे, त्यामुळे 'आम्ही काही दाखवलंच नाही' हा बचाव तिथे लंगडा पडतो. पण या संहितेत घड्याळ नाही. आठ वाजता चालणार नाही पण अकरा वाजता चालेल, असं ती म्हणत नाही. कार्यक्रमांच्या बाबतीत वाहिन्यांनी स्वतःसाठी रात्री ११ ते पहाटे ५ अशी प्रौढ मजकुराची चौकट आखून घेतली, जाहिरातींना तशी सरसकट चौकट नाही.

एकदा घड्याळ आणलं, तेही चुकीच्या जागी. ११ डिसेंबर २०१७ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती फक्त रात्री १० ते सकाळी ६ दाखवाव्यात असं सल्लापत्रक काढलं. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेल्यावर खुलासा आला की रोख लैंगिक उत्तानपणा असलेल्या जाहिरातींवर आहे, साध्या माहितीपर जाहिरातींवर नाही. माझं मत स्पष्ट आहे : वस्तूवर वेळेचं बंधन घालणं हा आळशीपणा. कुटुंबनियोजनाची सरळ जाहिरात किंवा सॅनिटरी पॅडची जाहिरात यांत लाजण्यासारखं काही नाही, मुलांनी विचारलं तर उत्तर देता येतं. लिफ्टमधल्या त्या हाताबद्दल काय उत्तर द्यायचं? आणि तो डिओ विकतोय, म्हणून त्याला दिवसभर मोकळं रान.

ब्रिटनमध्ये याची सोय साधी आहे. जाहिरात प्रसारणाआधी तपासली जाते आणि गरज असेल तर तिला वेळेची चिठ्ठी चिकटते : मुलांच्या कार्यक्रमांच्या आसपास नको, साडेसातनंतरच, किंवा रात्री नऊनंतरच. चिठ्ठी शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरला कळते, मग कुणाच्या सद्बुद्धीवर काही अवलंबून राहत नाही. प्रतिस्पर्धी साबण वेगळे ठेवता येतात तर हेही करता येईल. एका रकान्याचं काम आहे.

तोवर तक्रार. पण 'जेवताना लागली, फार लाज वाटली' एवढंच लिहिलं तर तक्रार टिकणं कठीण. जाहिरात मानक परिषद, म्हणजे ॲस्की, तिच्या संहितेची कसोटी उंच आहे : सर्वसाधारण सभ्यतेच्या कल्पनांनुसार लोक गंभीरपणे दुखावले जातील असं काही नको. तुमची एकट्याची अडचण तिथे तोकडी पडते. म्हणून दृश्य लिहा. ब्रँड, जाहिरातीची भाषा, चॅनेल (एचडी की एसडी हेसुद्धा), तारीख, मिनिटापर्यंत वेळ, चालू असलेला कार्यक्रम, आणि आक्षेप नेमका कोणत्या क्षणावर : 'सातव्या सेकंदाला कॅमेरा अमुक ठिकाणी थांबतो, त्याचा वस्तूशी संबंध नाही.' मोबाइलवर टीव्हीच्या पडद्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला तर उत्तमच. तो हुकला तर यूट्यूबवर तीच जाहिरात शोधून दुवा द्या, पण सेकंद जुळतात का ते पाहा, कारण तिथे बऱ्याचदा लांब आवृत्ती असते आणि आक्षेपाचं दृश्य टीव्हीवरच्या छोट्या आवृत्तीत नसतंच. शहर आणि डीटीएच की केबल हेही लिहा. काही चॅनेलवर प्रांतानुसार जाहिराती बदलतात, आणि पडद्याच्या खालच्या बाजूची जाहिरातीची पट्टी कधीकधी स्थानिक केबलवाल्याची असते. तिथे चॅनेलला धरून उपयोग नाही.

ॲस्कीकडे तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत. चॅनेललाही लेखी पाठवा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्यांनी २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पोच नंबर जपून ठेवा, पुढच्या पायरीवर तोच मागतात. तक्रारीने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी : जून २०२२ मध्ये बलात्काराची गंमत करणारी एका परफ्यूमची जाहिरात मंत्रालयाने थांबवायला लावली आणि ॲस्कीनेही चौकशी पूर्ण व्हायची वाट न बघता ती निलंबित केली. अर्थात, असं क्वचितच होतं.

मालिकांचे प्रोमो वेगळे. चुंबनाचा किंवा खुनाचा प्रोमो ही चॅनेलची स्वतःची सामग्री, त्याची तक्रार कार्यक्रमाच्या वाटेने, म्हणजे थेट चॅनेलकडे. ॲस्कीकडे पाठवून वेळ घालवू नका.

घरात काय करता येतं? पेरेंटल लॉक कामाचा नाही, तो चॅनेल किंवा कार्यक्रम अडवतो, ब्रेक अडवत नाही. रेकॉर्डिंगचा सेट टॉप बॉक्स असेल तर एक जुनी युक्ती आहे. नियमाने तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यातली २ चॅनेलच्या स्वतःच्या प्रचाराची. म्हणजे तासाभराचा कार्यक्रम १५ मिनिटं पॉज करून उशिरा सुरू केला की प्रत्येक ब्रेक पुढे पळवता येतो. अर्ध्या तासाला आठ मिनिटं पुरतात. एका झटक्यात ३० सेकंद पुढे जाणारं बटण वापरा. फास्ट फॉरवर्डमध्ये चित्र दिसतंच, आणि मुलं नेमकं तेव्हाच पडद्याकडे बघतात.

क्रिकेटचा सामना एखाद्या ॲपवर बघत असाल तर वरचं गणित चालत नाही. तिथे जाहिरात सर्व्हरवरून प्रत्येक घराला वेगळी येऊ शकते, शेजाऱ्याला ट्रॅक्टर आणि तुम्हाला डिओ. तक्रारीत ॲप, प्रोफाइल मुलांचं होतं की मोठ्यांचं, आणि अचूक वेळ लिहा. स्क्रीनशॉट नसेल तर ती जाहिरात तुम्हाला दिसली होती हे दाखवायला दुसरं काही उरत नाही.