विल्मॉट्सने बेल्जियमची सोनेरी पिढी वाया घालवली, हे खरं नाही

फुटबॉलची मोठी स्पर्धा जवळ आली आणि बेल्जियमचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण गाभा तोच असतो: "मार्क विल्मॉट्स हा नुसता धसमुसळा खेळाडू. ब्राझीलविरुद्धच्या एका नाकारलेल्या गोलावर त्याचं नाव झालं. प्रशिक्षक झाला तेव्हा हझार्ड, डी ब्रुयना, कोर्तुआ, कोम्पनी असा तयार संघ आयता हातात आला. २०१४ ला नशिबाने निभावलं, २०१६ ला वेल्सने उघडं पाडलं. पुढे कुठेच टिकला नाही. त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तर बेल्जियमकडे आज चषक असता."

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे येतोच. बाकीची बहुतेक वाक्यं चुकीची आहेत. ती खोडायला मोठा अभ्यास लागत नाही, झालेले सामने नीट आठवले तरी पुरे.

मी कोल्हापूरचा, त्यातही ब्राझीलवाला. आमच्याकडे विश्वचषक आला की गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. त्यामुळे विल्मॉट्सची बाजू घेण्यात माझा स्वार्थ काही नाही. उलट त्याच्यावर झालेल्या सगळ्यात मोठ्या अन्यायाचा फायदा माझ्याच संघाला मिळाला.

तिथूनच सुरू करतो. १७ जून २००२, जपानमधलं कोबे, विश्वचषकाची बाद फेरी. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. पस्तीस-छत्तीस मिनिटं झाली असतील, गोल अजून कोणाचाच नव्हता. उजवीकडून चेंडू आत आला, विल्मॉट्स रोके ज्युनियरच्या वर उडाला आणि त्याने हेडरने चेंडू जाळ्यात घातला. जमैकाचे पंच पीटर प्रेंडरगास्ट यांनी फाऊल दिला. आमच्या गल्लीत जल्लोष झाला, पण पुन्हा दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. ढकलणं वगैरे काही दिसत नव्हतं. पुढे रिवाल्डोने ६७ व्या मिनिटाला आणि रोनाल्डोने ८७ व्या मिनिटाला गोल केले, ब्राझील २-० ने जिंकलं आणि शेवटी विश्वविजेतंही झालं. त्या स्पर्धेत बाद फेरीत ब्राझीलला बेल्जियमइतकं जड कमी जणांनी केलं, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आता "एका नाकारलेल्या गोलावर नाव झालं" हे बघू. त्याच स्पर्धेच्या गटफेरीत विल्मॉट्सने तिन्ही सामन्यांत गोल केला. जपानविरुद्ध पाठीवर झेपावून मारलेला ओव्हरहेड किकचा गोल, मग ट्युनिशियाविरुद्ध, मग रशियाविरुद्ध. बेल्जियमचे गटातले एकूण गोल सहा, त्यातले तीन कर्णधाराचे. त्याआधी १९९८ ला फ्रान्समध्ये बेल्जियमने तीन सामन्यांत तीन गोल केले होते, त्यातले दोन याचे, दोन्ही मेक्सिकोविरुद्धच्या २-२ च्या सामन्यात. म्हणजे दोन विश्वचषकांत मिळून संघाचे नऊ गोल, पैकी पाच एका मिडफिल्डरचे. विश्वचषकात बेल्जियमसाठी पाचपेक्षा जास्त गोल २०२२ च्या स्पर्धेपर्यंत कोणालाही करता आले नव्हते. रोमेलू लुकाकूने पाचाशी बरोबरी केली, आणि तो पूर्ण वेळचा स्ट्रायकर आहे. नाकारलेला गोल बाजूला ठेवून हा हिशेब आहे.

देशासाठी ७० सामने, २८ गोल. तो निवृत्त झाला तेव्हा बेल्जियमचा विक्रम होता ३० गोलांचा, पॉल व्हान हिम्स्ट आणि बर्नार्ड व्होरहूफ यांच्या नावावर. मधल्या फळीत खेळून त्या विक्रमापासून दोन गोलांवर थांबलेल्या माणसाला नुसता धसमुसळा म्हणायचं असेल, तर मग कौशल्य कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

आणि क्लबचं काय? मेखेलेनबरोबर १९८९ चं बेल्जियन विजेतेपद, स्टँडर्ड लिएजबरोबर १९९३ चा बेल्जियन कप. पण त्याचं खरं घर जर्मनीतलं शाल्के. रूर खोऱ्यातल्या खाणकामगारांचा हा क्लब. तिथल्या प्रेक्षकांना पायातल्या कसबाइतकाच अंगाचा घाम दिसावा लागतो. त्यांनी याला प्रेमाने लढाऊ रानडुक्कर म्हटलं, आणि त्या नावातला फक्त अंगबळाचा अर्थ उचलून आज लोक त्याला अडाणी खेळाडू ठरवतात. १९९७ च्या यूएफा कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी दोन सामन्यांची होती, समोर इंटर मिलान. पहिला सामना शाल्केने घरी १-० ने जिंकला, गोल विल्मॉट्सचा. दुसऱ्या सामन्यात इंटरच्या घरच्या सॅन सिरो मैदानावर त्यांच्या झामोरानोने ८५ व्या मिनिटाला गोल करून बरोबरी आणली आणि प्रकरण पेनल्टीवर गेलं. इंटरच्या झानेत्ती आणि विंटरच्या पेनल्टी हुकल्या. शाल्केची शेवटची, चषक ठरवणारी पेनल्टी मारायला विल्मॉट्स पुढे आला आणि त्याने ती घातली. शाल्केच्या इतिहासातला हा एकमेव मोठा युरोपीय चषक. तेवढ्या गोंगाटात, परक्या मैदानावर ती पेनल्टी शांतपणे मारायला अंगबळ कामाला येत नाही.

"तयार संघ आयता मिळाला." हे वाक्य सगळ्यात जास्त फिरतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं आहे.

२००२ नंतर बेल्जियम सलग पाच मोठ्या स्पर्धांना मुकलं: २००४ चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा), २००६ चा विश्वचषक, २००८ चा युरो, २०१० चा विश्वचषक आणि २०१२ चा युरो. या काळात प्रशिक्षकांची रांग लागली होती. शेवटच्या अपयशाकडे जरा थांबून बघा. २०१२ च्या युरोच्या पात्रता फेरीत जॉर्ज लीकेन्सच्या हाताखाली कोम्पनी, व्हर्टोंगन, व्हर्मालेन, विट्सेल, फेलायनी, हझार्ड हे सगळे होते. तरी गटात जर्मनी आणि तुर्कस्तान पुढे गेले आणि बेल्जियम घरी बसलं. पिढी आली की पात्रता आपोआप मिळते, असं असतं तर ती तेव्हाच मिळायला हवी होती.

२०१२ ला लीकेन्स क्लब ब्रूजला गेले. सहायक असलेल्या विल्मॉट्सकडे आधी तात्पुरती आणि मग कायमची जबाबदारी आली. २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात क्रोएशिया, सर्बिया, स्कॉटलंड, वेल्स आणि मॅसेडोनिया होते. सोपा गट नव्हे. बेल्जियमने दहापैकी आठ सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. दहा सामन्यांत फक्त चार गोल खाल्ले. ऑक्टोबर २०१३ मध्ये झाग्रेबला जाऊन क्रोएशियाला २-१ हरवलं आणि तिकीट पक्कं केलं, दोन्ही गोल लुकाकूचे. खेळाडू घडवण्याचं श्रेय मी विल्मॉट्सला देत नाही. ते बेल्जियन संघटनेच्या युवा योजनेचं आहे, आणि हझार्डला वाढवणाऱ्या लील किंवा व्हर्टोंगन-व्हर्मालेनला वाढवणाऱ्या आयाक्ससारख्या परदेशी अकादमींचं. पण चांगले खेळाडू आणि जिंकणारा संघ यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते याआधीच्या कोणालाच कापता आलं नव्हतं. ते याने कापलं.

आणि "सोनेरी पिढी" म्हणताना आपण सगळे २०१८ चे चेहरे डोळ्यांसमोर आणतो. २०१४ ला ब्राझीलमध्ये उतरले तेव्हा लुकाकू २१ वर्षांचा होता, कोर्तुआ २२ चा, हझार्ड २३ चा. डी ब्रुयनाचा तेविसावा वाढदिवस स्पर्धा चालू असताना झाला. त्या संघात एकट्या डॅनियल व्हान बायटनला मोठ्या स्पर्धेचा अनुभव होता, तोही २००२ चा, खुद्द विल्मॉट्सच्या कर्णधारपदाखालचा.

बेल्जियमचा पहिला सामना अल्जीरियाशी झाला, १७ जून २०१४ ला. कोबेच्या त्या सामन्याला त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. मधल्या बारा वर्षांत बेल्जियम कुठल्याच मोठ्या स्पर्धेत खेळलं नव्हतं. कोबेला देशाकडून शेवटचा सामना खेळलेला कर्णधारच देशाला मोठ्या स्पर्धेत परत घेऊन आला. मजकूर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं धरून चालतो, कारण ठाऊक असतं तर "आयता" हा शब्द सुचला नसता.

त्या सामन्यात अल्जीरिया पेनल्टीवर १-० ने पुढे होतं. विल्मॉट्सने मध्यंतरानंतर मर्टेन्सला उतरवलं, ६५ व्या मिनिटाला फेलायनीला. फेलायनीने ७० व्या मिनिटाला बरोबरी केली, मर्टेन्सने ८० व्या मिनिटाला विजयी गोल केला. रशियाविरुद्ध लुकाकूच्या जागी १९ वर्षांचा डिव्हॉक ओरिगी आला आणि ८८ व्या मिनिटाला सामन्यातला एकमेव गोल त्याने केला. हा ओरिगी संघात आलाच मुळी बेंटेके जखमी झाल्यामुळे, आणि त्याची निवड झाली तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. दक्षिण कोरियाविरुद्ध डेफूरला लाल कार्ड मिळालं, तरी दहा जणांनी १-० जिंकलं. अमेरिकेविरुद्ध त्यांचा गोलरक्षक टिम हॉवर्ड भिंतीसारखा उभा राहिला. जादा वेळेच्या सुरुवातीला लुकाकू मैदानात आला, त्याने डी ब्रुयनाच्या गोलाला हातभार लावला आणि मग स्वतःही एक घातला. एकाच स्पर्धेत बदली खेळाडूंचे चार गोल. एकदा झालं तर नशीब म्हणू. चार सामन्यांत तीनदा बाकावरून उठलेल्या माणसाने सामना फिरवला, तर बाकावर कोण बसवायचा आणि कधी उठवायचा हे कोणीतरी ठरवत होतं.

उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाकडून ०-१ असा पराभव झाला. हिग्वाइनने आठव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना बेल्जियमकडे धारदार उत्तर नव्हतं. ती कमतरता खरी आहे, ती झाकत नाही. पण १९८६ नंतरची बेल्जियमची विश्वचषकातली ती सर्वोत्तम कामगिरी होती.

आता वेल्स, म्हणजे ते अर्धं खरं वाक्य. १ जुलै २०१६, लील, युरोची उपांत्यपूर्व फेरी. नाइंगोलानने तेराव्या मिनिटाला लांबून सुरेख गोल केला आणि त्यानंतर बेल्जियम ३-१ ने हरलं. व्हर्मालेनवर बंदी होती, व्हर्टोंगनचा घोटा सरावात दुखावला होता, कोम्पनी तर स्पर्धेलाच नव्हता. जॉर्डन लुकाकू आणि डेनायर ही तरुण पोरं बचावात उभी करावी लागली. हे सगळं सांगूनही तो पराभव माफ होत नाही. मधली फळी विस्कटली आणि मैदानाबाहेरून ती कोणी सावरली नाही. कोर्तुआने सामन्यानंतर डावपेचांवर उघड टीका केली, तीही उगाच नव्हती. माझ्या मते तर वेल्सपेक्षा इटलीविरुद्धचा गटातला ०-२ हा पराभव प्रशिक्षकाबद्दल जास्त सांगतो. तिथे इटलीचा प्रशिक्षक कोंतेने विल्मॉट्सला सरळसरळ मागे टाकलं. डावपेचांच्या पटावर तो युरोपातल्या पहिल्या रांगेतला नव्हता, हे मी मान्य करतो.

पण "उघडं पाडलं" म्हणणारे त्याच संघाचे बाकीचे सामने गिळून टाकतात. त्याच युरोत आयर्लंडला ३-०, स्वीडनला १-०, हंगेरीला ४-०. त्याआधी पात्रता गटात पहिला क्रमांक. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रसेल्सला इटलीवर ३-१ विजय, आणि त्याच महिन्यात बेल्जियम इतिहासात पहिल्यांदा फिफाच्या क्रमवारीत पहिलं. क्रमवारी म्हणजे चषक नव्हे, हे खरं. तरीही २००२ नंतर पाच स्पर्धांना मुकलेल्या देशाने तीन-साडेतीन वर्षांत तिथवर जाणं हा अपघात होत नाही.

"पुढे कुठेच टिकला नाही" याबद्दल थोडक्यात. आयव्हरी कोस्टला तो २०१७ मध्ये नऊ महिनेसुद्धा राहिला नाही. आबिदजानमध्ये मोरोक्कोकडून ०-२ हरून विश्वचषक हुकला, तिथे त्याला अपयश आलं. इराणचं मात्र वेगळं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेहरानच्या आझादी स्टेडियमवर कंबोडियाला १४-० हरवलं, तोच सामना ज्याला कित्येक वर्षांनी इराणी बायकांना तिकीट काढून आत बसता आलं. मग बहारिन आणि इराककडून पराभव झाले. पण तो गेला तो थकलेल्या पगाराच्या वादातून, आणि त्या वादात फिफाने भरपाईचा निकाल त्याच्या बाजूने दिला. हे वाक्य मजकुरात कधीच नसतं. मोरोक्कोत राजा कासाब्लांकातही तो काही महिनेच होता. मोठा क्लब प्रशिक्षक तो झाला नाही, आणि मी तसा दावाही करत नाही.

राहिलं शेवटचं: "दुसरा कोणीही असता तर चषक आला असता." हे तपासायला कल्पना करायची गरज नाही, कारण दुसरा आला. ऑगस्ट २०१६ पासून रॉबेर्तो मार्तिनेझ सहा वर्षं होते, तीच पोरं आता ऐन भरात आलेली. २०१८ ला तिसरा क्रमांक, हे विल्मॉट्सपेक्षा नक्कीच चांगलं. पुढचा युरो उपांत्यपूर्व फेरीत संपला, जिथे विल्मॉट्सचा संपला होता तिथेच. २०२२ च्या विश्वचषकात गटफेरीतूनच बाहेर. चषक एकही नाही.

आणि २०१८ चा तो मोठा दिवस, ६ जुलै, कझानमध्ये ब्राझीलवर २-१. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी जेवलं नाही. मैदानात उतरलेले अकरा मी नंतर एकेक करून मोजले: कोर्तुआ, अल्डरव्हीरेल्ड, कोम्पनी, व्हर्टोंगन, फेलायनी, विट्सेल, शाडली, डी ब्रुयना, हझार्ड, लुकाकू. हे दहाच्या दहा विल्मॉट्सच्या २०१४ च्या संघात होते. अकरावा म्युनिए, त्याला देशाची जर्सी पहिल्यांदा दिली तीही विल्मॉट्सनेच.