मोटारीची धोंडी

आमच्या जुन्या मोटारीला एकच दुखणे आहे आणि ते फक्त पावसात उठते. कोरड्या हवेत ती शहाण्या बैलासारखी चालते. पण चार थेंब अंगावर पडले की तीन सिलिंडरांपैकी एक काम टाकून बसते आणि उरलेली दोन उचक्या देत तिला ओढू लागतात. मेकॅनिक मंडळी याला ‘मिसिंग’ म्हणतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातुरात राहून पावसातच होणारे दुखणे जडावे, याला नशीब लागते.

पाऊस आलाच, तर मी तातडीने औसा रस्त्यावरचे गॅरेज गाठतो. परंतु तोवर इंजिनाच्या उष्णतेने बॉनेटखालची ओल वाळून जाते, आणि डॉक्टरांच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी आमची गाडी निरागस चेहऱ्याने उभी राहते. “सर, लोण्यासारखी चालायली की,” असे म्हणून मेकॅनिक माझ्याकडे संशयाने पाहतो. तरीही रिकाम्या हाताने कसे पाठवावे म्हणून त्याने एकदा प्लग घासले, एकदा कार्बोरेटर धुतला आणि एकदा पेट्रोलचा फिल्टर बदलला. पुढच्याच सरीत रेणापूर नाक्यावर गाडीने पुन्हा उचकी दिली.

शेवटी गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला जवळ बसवून समजावले. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये कित्येक हजार व्होल्ट होतात आणि तेथून प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमार्गे जाड वायरींतून, ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगपर्यंत पोहोचतात. वायरीचे रबर जुने होऊन चिरले, की कोरड्या हवेत ते कसेबसे तग धरते. पण त्या चिरेत ओल शिरली, की करंट प्लगच्या फटीतून उडी मारण्याचे कष्ट न घेता मधल्यामध्ये इंजिनाच्या लोखंडात उतरतो. (कामचुकारपणाची ही रीत मला आमच्या शाळेतील काही सहकाऱ्यांमुळे परिचयाची होती.) “पाऊस येईना तर आपणच पाडावं,” तो म्हणाला. “रात्री अंधारात गाडी चालू ठेवा, बॉनेट उघडा, वायरीवर बारीक फवारा मारा. कुठं निळं चमकतंय बघा; हात मात्र लावू नका, लै जोरात झटका बसतो.”

नळाच्या पाण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या घरात, रात्री अकरा वाजता, इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन मी अंगणातला दिवा मालवला. पहिल्या वायरीवर पाणी मारले; काही नाही. दुसरीवर मारताच इंजिन अडखळले आणि वायर जेथे लोखंडी पट्टीला घासत होती तेथे चट्‌चट् आवाज करत निळी ठिणगी नाचू लागली. सहा महिन्यांत मला इतका आनंद झाला नव्हता. मी अंधारातच “सापडली!” असे ओरडलो.

शेजारचे काका टॉर्च घेऊन धावत आले. उघडे बॉनेट, थरथरणारी गाडी आणि तिच्यावर पाणी शिंपडणारा मी, हे पाहून त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले.

“सर, पावसासाठी अंगाला पाला बांधून, दारोदार पाणी ओतून घेत धोंडी काढायलेली पोरं बघितली होती. मोटारीची पहिल्यांदाच बघितली.”

दुसऱ्या दिवशी मी वायरींचा सगळा संच नवा बसवला. आता तो टिकतो की नाही हे पाहण्यासाठी पाऊस हवा आहे. तीन आठवडे झाले. आभाळात ढगाचा ठिपका नाही. काका रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, “सर, पुन्हा एकदा शिंपडता का?”