साल्टाच्या म्युझियममधली मुलं आणि "काय श्रद्धा असेल!"

परवा अर्जेंटिनातल्या साल्टाचे फोटो टाकले, त्यात म्युझियमच्या आतला एकही नव्हता. तिथे फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. तरी दोघातिघांनी गुगल करून तिथे जतन केलेल्या मृत मुलीचा चेहरा शोधलाच. एकाने लिहिलं, "किती शांत झोपलीय!" दुसरीने लिहिलं, "काय श्रद्धा असेल त्या लोकांची!" उत्तर कमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युयाइयाको हा अर्जेंटिना आणि चिलीच्या सीमेवरचा ६,७३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी. १९९९ साली जोहान राइनहार्ड आणि कॉन्स्टान्झा सेरुती या पुरातत्त्वज्ञांच्या पथकाला त्याच्या माथ्याजवळ तीन मुलं पुरलेली सापडली. साधारण पाचशे वर्षांपूर्वीची, इंका साम्राज्यात बळी दिलेली. पंधराच्या आतबाहेरची एक मुलगी आणि दोन लहानगी, एक मुलगा, एक मुलगी. कोणी मसाले भरले नव्हते की लेप लावले नव्हते, नुसत्या थंडीने टिकली. छोटीच्या थडग्यावर नंतर कधीतरी वीज पडली होती, त्यात तिचा थोडा भाग जळलाय. साल्टाच्या मुख्य चौकातलं हे म्युझियम २००४ साली खास यांच्यासाठी उघडलं. एका वेळी तिघांपैकी एकालाच बाहेर ठेवतात, उणे वीस अंशात, जवळपास ऑक्सिजन नसलेल्या काचेआड. आम्ही गेलो तेव्हा मोठीची पाळी होती.

हो, झोपल्यासारखीच दिसते. मांडी घालून, मान किंचित कलती, केसांच्या बारीक बारीक वेण्या. माझ्याही पोटात कालवलं. पण त्या वेण्यांनीच सगळं सांगून टाकलंय, आणि ते कोणी शेअर करत नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे लांब केस ही दोन-सव्वादोन वर्षांची रोजनिशीच. शास्त्रज्ञांनी ती वाचली. आधी पोरीचं खाणं साधं, गरीब शेतकऱ्याच्या घरचं. मरणाच्या वर्षभर आधी ते एकदम बदलतं, मांस आणि मका येतो. मका म्हणजे तिकडे वरच्या लोकांचं खाणं. त्याच सुमाराला कोकाचं (ज्यापासून कोकेन काढतात ती पानं) प्रमाण उडी मारतं. आणि शेवटच्या काही आठवड्यांत दारू, मक्याची चिचा, सगळ्यात जास्त. खाण्याबद्दलचे निष्कर्ष २००७ साली छापून आले, कोका आणि दारूचे २०१३ साली. ती सापडली तेव्हा तोंडात कोकाच्या पानांचा तोबरा तसाच होता. मुलगा दोरीने आवळलेला, कपड्यांवर उलटीचे आणि रक्ताचे डाग. आता सांगा, कोण शांत झोपलंय?

श्रद्धा होती, मान्य. ही मुलं मरत नाहीत, पूर्वजांत जाऊन मिसळतात आणि डोंगरावरून गावं राखतात, असं इंका मानत. पण कापाकोचा, म्हणजे मुलांचा हा बळी, हा काही गावच्या भगताने परस्पर उरकलेला विधी नव्हता. मुलं प्रांताप्रांतातून निवडली जात, कुस्कोला राजधानीत नेली जात, तिथे समारंभ होई, मग मजल दरमजल करत डोंगराकडे. यामागे कारकून, कोठारं, रस्ते, अख्खं राज्ययंत्र उभं होतं. नव्याने जिंकलेल्या मुलखाला कळावं की तुमची पोरंसुद्धा आमची. सोबत ठेवलेल्या सोन्याचांदीच्या इवल्या बाहुल्या, पिसांचे शिरपेच पाहताना डोळे दिपतात (खरंच दिपतात, त्या विणकामासाठी मी पुन्हा जाईन), पण तो खर्च कुणाच्या खजिन्यातून झाला हे विसरू नये.

आणि आपण एवढे हळवे का होतो, तर ते लांबचं आहे म्हणून. आपल्याकडे २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे. उद्या आपल्या तालुक्यात असं काही घडलं तर "काय श्रद्धा!" म्हणाल का? पोलीस स्टेशन गाठाल.

लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन "रानटी लोक" म्हणणाऱ्यांनाही माझा नमस्कार. बाईला जिवंत जाळून वर तिचं देऊळ बांधणाऱ्यांनी जरा बेतानं बोलावं.

मुलांना असं मांडावं का, हा वाद तिकडे जुना आहे. मूळनिवासींच्या काही संघटनांचा विरोध आहे, आणि अर्जेंटिनातल्याच ला प्लाटाच्या म्युझियमने तर २००६ साली मानवी अवशेष दालनातून काढून घेतले. माझं मत, निर्णय त्या डोंगराभोवती राहणाऱ्यांनी घ्यावा, तिकीट काढून आलेल्या माझ्यासारखीने नव्हे. त्यांनी उद्या बंद केलं तर चालेल मला.

पण जोवर उघडं आहे तोवर जाल तर एक नाव डोक्यात ठेवून जा, तांता कार्वा. पेरूतल्या ओक्रोस भागातली मुलगी. हिची ममी नाही, सतराव्या शतकात एका स्पॅनिश पाद्र्याने टिपून ठेवलेली हकीगत आहे. दिसायला अतिशय देखणी, बापाने इंका सम्राटाला देऊ केली. कुस्कोला तिचा सत्कार झाला, परत आणून डोंगरावर जिवंत पुरली. बापाचं नाव काके पोमा. त्याला बदल्यात त्या मुलखाची सरदारकी मिळाली.